डिस्कवरील जागेपायी वनमालाबाईंचा आवाज पुसण्यास नकार

दि. ११ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. संचालक,
उपनगर बोली ध्वनिसंग्रह केंद्र,
अंधेरी (पश्चिम), मुंबई.

अर्जदार : शर्मिष्ठा खरात, सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (कंत्राटी), रा. कांजूरमार्ग (पूर्व).

विषय : सर्व्हरवरील 'खारदांडा' हा फोल्डर मी पुसणार नसल्याबाबत.

संदर्भ : आपले ज्ञापन, दि. ४ नोव्हेंबर २०२४ (मला जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा असताना बजावलेले).

महोदय,

उपरोक्त ज्ञापनान्वये माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला आहे. तो सादर करते. भाषा तिखट वाटल्यास माझा नाइलाज आहे.

१. केंद्राचा सर्व्हर भरत आला, नवीन ध्वनिमुद्रण ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा जागा कोणी खाल्ली ते शोधून काढा, असे आपणच मला तोंडी सांगितले होते. त्यासाठी साध्या कमांड असतात. 'डीएफ' दिली की डिस्क एकूण किती भरली ते दिसते. 'डीयू' दिली की कोणत्या फोल्डरने किती जागा अडवली ते दिसते, आणि पुढे 'सॉर्ट' जोडले की सगळे आकारानुसार लागते. मी तेच केले, छापील यादी काढली आणि आपल्या टेबलावर ठेवली. यात माझे काय चुकले ते मला अजून कळलेले नाही.

२. ज्ञापनातील पहिला आक्षेप असा की, यादी ज्येष्ठतेनुसार लावलेली नाही. अधीक्षक श्री. चंद्रप्रकाश तळवडेकर यांचा फोल्डर लेखा शाखेच्या खाली आल्यामुळे त्यांचा अवमान झाला. महोदय, कमांडला सेवापुस्तक वाचता येत नाही हो! ती फक्त आकार बघते. तरीही आदेशाचा मान राखून मी दुसरी यादी ज्येष्ठतेनुसार करून दिली. तीत आपण पहिले, अधीक्षकसाहेब दुसरे, आणि 'खारदांडा' शेवटचा, कारण तो फोल्डर माझ्यासारख्या कंत्राटी बाईने उघडलेला. त्या यादीवर आपण 'तळापासून जागा मोकळी करावी' असा शेरा मारलात. तळाच्या फोल्डरने किती जागा घेतली आहे, तो आकडा, यादीतला सगळ्यांत लहान, तिथेच शेजारी होता. तो कोणी वाचला नाही.

३. दुसरा आक्षेप, डीयू हे सॉफ्टवेअर तीन दरपत्रके न मागवता कसे घेतले? ते घेतलेलेच नाही. ते सिस्टीमसोबतच येते, दाराला कडी असते तसे. तरी लेखापरीक्षणात अडचण नको म्हणून मी घाटकोपरला तीन दुकानांत जाऊन फुकट वस्तूचे दरपत्रक मागितले. दोघे हसले, तिसऱ्याने चहा पाजला. लेखी काही मिळाले नाही.

४. तिसरा आक्षेप, मी अधिकाऱ्यांच्या दप्तराची झडती घेतली. डीयू फोल्डरच्या आत काय लिहिले आहे ते वाचत नाही. पण आकडे बघून मी उघडून पाहिले, आणि ते माझे कामच आहे. प्रत्येक शाखेच्या फोल्डरमध्ये आपल्या सत्कार समारंभाची संपूर्ण चित्रफीत निघाली. का? तर आपल्याकडे साधे परिपत्रक निघाले तरी त्याची 'प्रत माहितीस्तव' सर्व शाखांना जाते, त्याच शिरस्त्याने हीसुद्धा गेली. आस्थापना शाखेत तर दोन आहेत, त्यातली एक स्थळप्रत. एक ठेवून बाकीच्या काढल्या तर निम्मी डिस्क मोकळी होते. हे मी अधीक्षकसाहेबांना सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, प्रत नष्ट करायला अभिलेख समितीची मंजुरी लागते, आणि समिती अजून नेमलेली नाही. मग 'खारदांडा' पुसायला मंजुरी लागत नाही का? तर नाही. ती प्रत नव्हे, मूळ आहे, आणि नियम फक्त प्रतींसाठी आहे. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. त्याचाही उल्लेख ज्ञापनात 'उद्धट वर्तन' असा आहे.

५. आता मूळ काय आहे ते ऐका. खारदांड्याच्या वनमालाबाई यांचे हे ध्वनिमुद्रण मी त्यांच्या ओट्यावर बसून केले. वाऱ्यांची नावे, ताजी मासळी ओळखायची कशी, हळदीची गाणी, आणि दलालाने भाव पाडला की त्याला द्यायच्या शिव्या, सगळे त्यांच्या कोळी बोलीत. नंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. वाचोपचार करणाऱ्या डॉ. पद्मजा यांनी त्यांना त्यांचाच जुना आवाज ऐकवत राहा असे सांगितले आहे. संचालकांच्या सहीशिवाय प्रत केंद्राबाहेर देता येत नाही, म्हणून त्यांची नात तेजल दर शुक्रवारी त्यांना रिक्षात घालून अंधेरीला आणते. प्रत मिळण्यासाठीचा तेजल यांचा अर्ज आपल्याच टेबलावर पडून आहे. वनमालाबाई कानाला हेडफोन लावून बसतात आणि ओठ हलवतात. आवाज फुटत नाही, पण त्या सोडत नाहीत. आपल्या सत्काराच्या प्रतींनी डिस्क फुगली आहे, आणि आपला आदेश निघाला तेव्हा या बाईंच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

६. फोल्डर तत्काळ पुसून अनुपालन अहवाल सादर करावा, असा आपला आदेश आहे. मी तो पुसलेला नाही आणि पुसणारही नाही. उलट गेल्या शुक्रवारी मी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि तेजल यांच्या हातात ठेवली. सहीची वाट पाहिली नाही. नियम मोडला का? मोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. कंत्राट रद्द करायचे असेल तर खुशाल करा. नोकरी गेली तर घरी वाट लागेल, वाईटही वाटेल, पण लाज वाटणार नाही.

७. अनुपालन अहवालाऐवजी एवढेच कळवते. काल रविवारी तेजल यांचा फोन आला होता. घरी ध्वनिमुद्रण लावले होते, दलालाचा भाग आला, आणि वनमालाबाईंनी त्यातली एक शिवी मोठ्याने हासडली. आजारपणानंतरचा हा त्यांचा पहिला शब्द. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. तो शब्द अर्जात लिहिण्याजोगा नाही. ऐकायचा असल्यास आपण स्वतः खारदांड्याला यावे. आता त्या थांबत नाहीत.

कारवाईस तयार असलेली,

(सही)
शर्मिष्ठा खरात