फोडणीचा वास

भेस्तान, सुरत
ता. ९ फेब्रुवारी १९९६

ती. धुरपदाआक्कास पुष्पाचा सा. न.

पित्ताची पिशवी काढली, टाके वाळले, मी घरी आले. एवढं मायला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं ठेव.

मळमळ थांबत नाही गं. शेजारच्या शांताबाईंनी फोडणी दिली की मी पदर तोंडाला लावून मोरी गाठते. तू पाठवलेलं तूप रोज खिचडीवर घेते, तेही पोटात राहत नाही. यांना बोलले नाही. माझ्या ऑपरेशनपायी लूमच्या कारखान्यात यांचे खाडे झालेत. हे घरी आले की मी जेवले असंच सांगते. पिशवीबरोबर माझी भूकही काढून टाकली की काय, अशी धास्ती वाटते.

माया असू दे.

तुझी,
पुष्पा

अमळनेर
ता. १६ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. पुष्पास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. वेडाबाई, तूप तुझ्या अंगी लागावं म्हणून धाडलं, माझं मन राखायला नाही. तो डबा शांताबाईंना देऊन टाक. आणि हिलालरावांना आजच्या आज सांग. माझ्या लग्नात अंगात ताप असताना तू पंगत वाढलीस, कुणाला कळू दिलं नाहीस. आता ते चालायचं नाही. डॉक्टरांना दाखवलं नाहीस तर मी येऊन उशाशी बसेन, आणि माझी बडबड तुझ्या मळमळीहून वाईट.

जिवाला जप.

तुझी,
आक्का

भेस्तान, सुरत
ता. २७ फेब्रुवारी १९९६

ती. आक्कांना हिलालचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पुष्पाने माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी खाडा करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, टाके ठीक आहेत. दुखण्याची गोळी ती रिकाम्या पोटी घेत होती, त्यानेच मळमळ वाढली. गोळी बदलली, तेलतूप कमी करून थोडं थोडं खायला सांगितलं. शांताबाईंना कळलं तसं त्यांनी आपणहून स्टोव्ह चाळीच्या पार टोकाला नेला.

कामावर जाण्याआधी मी भाताची पेज करून ठेवतो. सुरुवातीला तीही उलटली, मग वाटीभर राहू लागली. काल संध्याकाळी पुष्पा उठली, तिने भाकरी टाकली. अर्धी खाल्ली आणि उरलेली माझ्या ताटात ठेवत म्हणाली की, तिच्यापेक्षा मीच जास्त वाळलोय. मी खाली मान घालून जेवलो.

मायला नमस्कार. आम्हा दोघांवर लोभ असू द्या.

आपला,
हिलाल