शवासनाचा तुमचा नियम

प्रिय शैलाताई,

काल पुरानी बस्तीतले तुमचे योगाचे गुरुजी भेटायला आले होते, म्हणून लिहिते आहे. तुम्ही गेल्याचं त्यांना पाच आठवड्यांनी कळलं. निघताना जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, शैला स्वतः शवासन करायची ना?

मी तुमचा नियम सांगितला. शिकवणारीनं डोळे मिटायचे नाहीत, तिनं बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. ते म्हणाले,

"ऐसा कोई नियम नहीं है, बहू. सबके बाद वो भी लेटती है. नहीं तो सारी मेहनत शरीर में अटकी रह जाती है."

ताई, हा नियम तुम्ही रचलात?

तात्यापाऱ्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर आम्ही आठ बायका सतरंज्यांवर पडायचो. तुमचा आवाज पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत यायचा आणि थांबायचा. मग जिन्यात पावलं, मग खाली कुकर. दहा मिनिटांनी तुम्ही परत वर! हळूच उजव्या कुशीवर वळा, म्हणायचात, तेव्हा पदराला फोडणीचा वास असायचा.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला जेवणानंतर बाकावर डोकं टेकवायला लावायच्या. त्यानंतर चाळीस वर्षांत 'जरा पडून राहा' असं मला फक्त तुम्ही सांगितलंत.

एक दिवसाआड डबे करायची पाळी माझी होती. थोरली जाऊ म्हणून तुम्ही तीही उचललीत. एकदा मी उठायला लागले तर म्हणालात, "पडून राय चुपचाप. मले काय होते?"

मी पडून राहिले. किती लगेच! पुन्हा कधी विचारलंही नाही. शिट्टी झाली की डोळे आणखी घट्ट मिटायची. तो नियम खोटा असेल अशी शंका मला यायची, ताई. पण सोयीचा होता.

आणि तुम्ही? शवासन म्हणजे आळस नव्हे, सगळ्यात अवघड आसन तेच, असं आम्हाला बजावत होतात. मग स्वतःलाच का वगळलंत? आज चहा उशिरा मिळेल, एवढं एकदा तरी खाली सांगायचं होतंत.

हात सैल सोडून आडव्या झालेल्या तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात तुम्ही गेलात त्या दिवशी, हॉलमध्ये, चटईवर. तेव्हाही शेजारच्या खोलीत कुणीतरी चहाचं विचारत होतं. तुमचा लेक आल्यागेल्याला सांगत होता, मम्मी तो कभी थकती ही नहीं थी. किती कौतुकानं सांगत होता! मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

बायकांनी आता वर्ग मला घ्यायला सांगितलाय. सोमवारपासून. आज भाऊजी म्हणाले, घ्या की, मधली दहा मिनिटं खाली येऊन चहा-डब्यांचं बघता येईल, शैला बघायची तसंच. तुमच्या नवऱ्याला मी आजवर उलट बोलले नव्हते. आज मी म्हणाले, "ती दहा मिनिटं ताईंची होती, भाऊजी. आपण सगळ्यांनी खाल्ली."

त्यांनी पेपर उघडला.

तुमच्या फोटोपुढे रोज दिवा लावेन असं वचन देत नाही. तो घरातले लावतातच. माझं वचन वेगळं आहे. सोमवारी सगळ्या उठल्या की मी आडवी होईन. खालून हाका येतील. मला शांत वाटणार नाही, तुमच्या वाटणीचं पडून राहिल्यासारखंच वाटेल. तरी दहा मिनिटं पूर्ण होईपर्यंत मी उठणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
मंजू