मोटारसायकलला बर्फातले टायर

अहो,

रात्रपाळीची झोप मोडायला नको म्हणून उठवलं नाही.

कारचे टायर हिवाळ्यात बदलतात, तसे तुमच्या मोटारसायकलचेही बदलू, म्हणून काल दोन दुकानं फिरले आणि जास्तच गोंधळून आले. पहिला म्हणाला, खोल खाचांचे घ्या. दुसरा म्हणाला, खाचांचं सोडा, थंडीत मऊ राहणारं रबर हवं. पण ते स्कूटरच्या मापात मिळतं, तुमच्या नाही. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "मग आमच्या ह्यांनी काय करायचं?" तर म्हणे, "आल्झो, म्हणजे असं बघा, मार्चपर्यंत गाडी झाकून ठेवायची." टायर विकणाराच घेऊ नका म्हणतो, आता ऐकायचं कुणाचं?

तुमची कामाची पँट रफू केली आहे. गुडघ्याला रक्ताचा डाग होता. कुठे पडलात ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

कुठले टायर बरोबर, मला अजून कळलेलं नाही. तोवर चावी माझ्या पर्समध्ये राहील. आज कारखान्यात बसने जा, तिकीट डब्याखाली ठेवलंय. रागवायचं असेल तर उद्या सकाळी धडधाकट घरी या आणि मग रागवा.

नीता