तुझं काय, दोनच ताटं

मंगळवार, ४ जून २०२४. सकाळी ६.४०
दुकानाच्या व्हरांड्यात मशिनची सुई बदलत होतो. तिघा शिंप्यांची मशिनं शेजारी शेजारी, आणि धागा ओवता ओवता रोजचं सुरू — कुणाचं दुखणं मोठं! म्हांगोचं छप्पर मार्चच्या वाऱ्यात उडालं, अजून प्लास्टिकखाली झोपतात. गोंद्वेदादांना सहा मुलांची फी. "एकाला बूट घेतले की दुसऱ्याचा अंगठा बाहेर!" मग माझ्याकडे वळून — "तुझं काय लुसुंगू, दोनच ताटं."
हसलो. तावोंगाशी लग्न होऊन चार वर्षं झाली. दादांच्या सहाही मुलांची फी मी आनंदानं भरली असती.

बुधवार, ५ जून
तावोंगाला पुन्हा पाळी आली. भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही.

शुक्रवार, ७ जून
म्हांगोनं छपराचा विषय काढला, आणि माझ्या तोंडून गेलं — "माझी बायको दोन दिवस उठली नाही. अन्नाला शिवत नाही." कारण सांगितलं नाही. दोघांची मशिनं थांबली. आज माझं दुखणं मोठं ठरलं. बरं वाटलं! लिहायलासुद्धा लाज वाटते.

रविवार, ९ जून
चर्चमधून म्हांगो आणि गोंद्वेदादा थेट आमच्या घरी, बायकांसह. मक्याचं पीठ म्हांगोनं आणलं — ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्यानं! तावोंगा अंगणात भाजी निवडत होती. म्हांगोच्या बायकोनं तिला न्याहाळलं. "अन्न जात नाही म्हणे? अगं बाई, कितवा महिना?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोंद्वेदादांच्या बायकोनं मात्र वाजवल्या नाहीत. मी तोंड उघडलं नाही.
ते गेल्यावर तावोंगा म्हणाली, "तू सुरू केलंस, तूच निस्तर."

मंगळवार, ११ जून
म्हांगोनं उरलेल्या तुकड्यांतून अंगडं शिवून माझ्या मशिनवर ठेवलं. पिवळं. एका बाजूची शिवण वाकडी होती. उसवली आणि सरळ घातली. मी!

बुधवार, १२ जून
सांगून टाकलं. दिवस नाहीत. कधीच नव्हते. म्हांगो पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेला. गोंद्वेदादांनी पाय थांबवला नाही, मशिन चालूच. म्हणाले, "चार पोरं मोठ्या भावाची, दोन धाकट्याची. दोघेही भाऊ गेले. आमचा पाळणा हललाच नाही."
पाच वर्षं त्यांच्या शेजारी बसतोय!
मग धागा तोडून, नेहमीच्याच आवाजात — "शुक्रवारी थोरलीची फी भरायचीय. सहा आहेत रे बाबा, सहा!"