हनुवटीखालचं ऊन

४ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कोपऱ्यावरचा रस्ता आमच्या खात्याने फिकट राखाडी रंगाने रंगवला, त्याला आज आठवडा झाला. दुपारी दोनला डांबर एकसष्ट अंश दाखवायचं, ते आता बावन्नवर आलंय. साहेब इतके खूश की त्यांनी स्वतःहून चहा मागवला. मला मात्र एक शंका कुरतडतेय. रस्ता जे ऊन पोटात घेत नाही ते परत वर फेकतो. ते तिथे बसणाऱ्या माणसाला लागत असेल का?

आणि दिवसभर रस्त्यावर बसणारी माझ्या ओळखीची तू एकटीच. म्हणून एक काळा गोळा पाठवतोय. हसू नकोस, संडासाच्या टाकीतलाच तांब्याचा गोळा आहे. काळा रंगवून आत तापमापक बसवलाय, म्हणजे अंगाला वरून-खालून मिळून किती ऊन लागतं ते कळेल. तुझ्या शिलाई मशीनशेजारी, बसल्यावर तुझी छाती येते त्या उंचीवर टांग. छत्रीखाली नाही, उन्हात. बारा, दोन आणि चारला आकडा वहीत लिही. आकडे बरे आले तर आणखी चौदा रस्ते रंगतील, आणि सहा वर्षं कंत्राटावर घासणारा तुझा भाऊ एकदाचा कायम होईल. तरी खरं तेच लिही.

मेव्हण्यांना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा
धाकटा

२६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं यंत्र पोचलं. गिऱ्हाइकं विचारतात, बॅगांच्या चेन बसवायच्या सोडून ही भविष्य कधीपासून सांगायला लागली? शेजारचा किल्लीवाला गोळ्याला माझा जावई म्हणतो, कारण दिवसातून तीनदा मी त्याची विचारपूस करते.

रस्ता छान झालाय हो. पायाला चटका बसत नाही. डोळे जरा दिपतात, सुई ओवायला वेळ लागतो, पण ते वयाचं असेल. वही सोबत आहे. दोन वाजतासुद्धा आकडा बेचाळिसाच्या वर गेला नाही. आता कायम झालास की नखं खायचं तेवढं सोड, लहानपणापासून सांगून माझं तोंड दुखलं.

लोभ आहेच. तो उन्हासारखा चढू नये, पण उतरूही नये.

तुझी
अक्का

२० मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मी कायम झालो! पत्र हातात पडलं तेव्हा पहिली तूच आठवलीस. तुझी वही अहवालाला जोडली आहे. 'रस्त्यावर बसणाऱ्या व्यक्तीलाही त्रास नाही' हे वाक्य मी तिच्याच जोरावर लिहिलं. चौदा रस्ते मंजूर झाले, आणि त्याआधी तुझ्या रस्त्याच्या टोकाच्या शाळेचं पटांगण रंगवायचं ठरलंय. पुढच्या सोमवारी काम सुरू.

परवा धावतपळत येऊन गेलो, नीट बोलणं झालं नाही. तुझी हनुवटी खालून लाल झालेली दिसली. तू म्हणालीस साबण बदललाय. तो साबण फेकून दे बरं.

तुझ्या ऋणात राहायला आवडणारा,
धाकटा

२३ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. ते द्यायचीही आज लाज वाटतेय.

साबण बदललेला नाही. वर छत्री असूनही ऊन खालून लागतं. हनुवटी, नाकाखाली, कानाच्या पाळ्यांच्या मागे कातडी सोलून निघालीय.

पहिल्या दिवशी मी गोळा सांगितलास तसाच टांगला होता. दोनला बावन्न आले. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळी तो शेजारच्या गल्लीत, जुन्या काळ्या डांबरावर धरला, तर एकोणपन्नास. ती दोन पानं मी वहीतून फाडून ठेवली. सहा वर्षं तू दर मार्चमध्ये कंत्राट वाढेल की नाही म्हणून वाळून जातोस, ते मी पाहिलंय. मग रोज बाराला आणि दोनला मी गोळा किल्लीवाल्याच्या दुकानात, दाराच्या आत टांगायला लागले. वाटलं, मला थोडं भाजलं तर भाजलं, माझ्या भावाचं होऊन जाऊ दे.

पण पटांगणावर पोरं खेळणार. काल मुख्याध्यापिका बाईंनी मला थांबवून आभार मानले रे. मी मान वर केली नाही. पहिल्या दोन दिवसांची खरी पानं पाठवतेय. साहेबांना दे आणि सांग, माझी बहीण खोटं बोलली.

रागाव, पण अबोला धरू नकोस.

अक्का

२९ मे

ती. अक्कास,
सा. न.

पानं काल साहेबांच्या टेबलावर ठेवली. पटांगणाचं काम थांबलं. चौदा रस्त्यांवर आता माणसाच्या उंचीवर मोजमाप होईल, मगच रंगाचा विचार. माझं काय करायचं ते साहेब ठरवतील. ते चष्मा पुसत बसले.

बहीण खोटं बोलली, असं मात्र मी सांगितलं नाही. कारण ते अर्धंच खरं झालं असतं. भर उन्हात काळा गोळा दोन वाजता बेचाळीस दाखवतो, हे मला पहिल्याच पानावर पटायला नको होतं. हे माझं काम आहे, अक्का. आणि त्या दिवशी धावतपळत आलो तेव्हा दोनच वाजले होते. किल्लीवाल्याच्या दारात चहा प्यायलो, तेव्हा गोळा माझ्या डोक्यावर खिळ्याला लटकत होता. मी तो पाहिला. मग तुझी हनुवटी पाहिली. मला सगळं कळलं, आणि मी तुला तो साबण फेकून दे म्हणालो. घरी येऊन तेच पत्रातही लिहिलं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं कागदावर राहील. साहेबांना हे सगळं सांगितलं. तुला सांगायला जास्त जड जातंय.

रविवारी येतोय. मलम आणतोय. गोळा बाहेर काढून ठेव. तू आत दुकानात पंख्याखाली बस, मी बारा ते चार तुझ्या खुर्चीत बसतो आणि आकडे मी लिहितो. चेन बसवायला कुणी आलं तर थांबायला सांग.

लोभ असावा, हे आज मागायला तोंड नाही. तरी मागतो.

तुझा
धाकटा