नसीमची मेंदी
लाखनी, मे १९८४, सायंकाळ

शुक्रवारी नसीमचा निकाह. आज आम्ही दोघी बहिणी तिच्या होणाऱ्या नणंदेसोबत दुकानात गेलो. नणंदेने नसीमसाठी लाल लिपस्टिक निवडली. नसीमने दुकानदाराला सरळ विचारलं, "भाऊ, हिच्यात चरबी कोनत्या जनावराची हाय?"

"मले काय मालूम? साऱ्या पोरी लावून राहिल्या."

"मंग मले नको. मेंदी द्या."

नणंदेचं तोंड उतरलं. लग्नाआधीच कुरबुर, मी घाबरलेच. नसीम मात्र शांत. मी शाळेत शिकवते, कित्येक वर्षं लिपस्टिक लावते. डुकराची चरबी असली तर ती आम्हाला हराम, मग मला का नाही सुचलं विचारायचं? अठरा वर्षांची पोर, पण केवढी ठाम!

शेवटी नणंद हळूच म्हणाली, "भाभी, मेरे लिए भी मेहंदी ले लो."

घरी येईपर्यंत मी नसीमचा हात सोडला नाही.