बाहेरून टाकलेलं अ‍ॅप

मंगळवार, ४ फेब्रुवारी
गजूले आज दवाखान्यातून सुट्टी. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीनं तिथंच कागदावर सही घेतली म्हणे, डाव्या हातानं. 'कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा.'

हलगर्जीपणा! प्रेसचा गार्ड, म्हणजे हातापुढची जाळी, उघडा असला की मशीन चालत नाही, त्यासाठी एक स्विच असतो. त्या दिवशी स्विच बिघडला, नवा नव्हता. शिफ्टसाहेब म्हणे, "तार बांध अन् चालू कर, माल अडकून राहिला." मी फिटर. बांधली. आता गार्ड उघडा असला तरी मशीन चालणार. एका हातानं तार धरून दुसऱ्या हातानं फोटो काढला, रोजच्यासारखा शिफ्टच्या ग्रुपात टाकला, 'झालं साहेब'. दोन तासांनी गजूचा हात. साहेबानं लगेच तार कापली, माह्याच हातानं ग्रुपातून फोटो डिलीट करायले लावला. गॅलरीतला कोणाले आठवला नाही. मलेही नाही, परवापर्यंत.

जेवण गेलं नाही.

बुधवार, ५
शिफ्ट सुटल्यावर गजूच्या घरी, गोरेवाड्याले. तिथं एक वकीलबाई बसल्या होत्या, कामगारांच्या केसेस पाहतात. सगळ्यांसमोर गजूनं विचारलं, "गार्ड उघडा असून मशीन चालली कशी गा? तू तं फिटर." मी म्हटलं, पाहा लागन. पाहा लागन! काय पाहतो बे तू?

बाई निघाल्या तं मागं मागं गाडीपर्यंत गेलो. फोटो आहे म्हटलं. तार कोणी बांधली ते नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, नेहमीच्या अ‍ॅपवर नका पाठवू, नंबर येतो, नाव येतं. एक दुसरं आहे, त्याले नंबरच लागत नाही. स्टोअरमधून घ्या.

तिथंच गोची. माह्या मोबाईलमध्ये ई-मेल प्रवीणचा आहे. प्रवीण म्हणजे कल्पनाचा भाऊ, माहा साळा, आमच्याच कंपनीच्या ऑफिसात. मोबाईल घेतला तेव्हा त्यानंच चालू करून देला. "नवा मेल कायले बनवता भाऊजी, माहाच टाकतो." तेव्हापासून मी स्टोअरमधून काहीही घेतलं की त्याले दिसते. मागं पत्त्यांचा गेम घेतला तं ऑफिसभर सांगत फिरला. बाईंले सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग बनवणाऱ्यांच्या साइटवरून फाईल घ्या, बाहेरून टाका. साइटचा पत्ता अन् अ‍ॅपवर त्यांले शोधायचा कोड चिठ्ठीवर लिहून देला.

शुक्रवार, ७
टाकलं एकदाचं. आधी बसमध्ये करत होतो, कळमेश्वरवरून येता येता. बाजूचा डोकावून राहिला, बंद केलं. मग घरी, संडासात बसून. मोबाईल म्हणे, अनोळखी ठिकाणची फाईल, धोका होऊ शकतो. मागं आलो. परत गेलो. परत धोका. शेजारचे काका लग्नाची पत्रिका समजून अशीच फाईल उघडून बसले होते, अजून बँकेत चकरा मारून राहिले. चिठ्ठीवरचा पत्ता अक्षर अक्षर तीनदा ताडून पाह्यला. कल्पना दार ठोकते, "झोपले का आत?" परवानगी द्या. देली.

अ‍ॅपनं नाव विचारलं. 'फिटर' लिहिलं, खोडलं. 'अबक' टाकलं. बाईंचा कोड टाकला. 'पोचलो.' उत्तर लगेच आलं, 'फोटो?'

मोबाईल खिशात टाकला अन् बाहेर आलो.

शनिवार, ८
कल्पनानं पकडलं. मी आंघोळीले गेलो होतो, अन् अ‍ॅप वाजलं. वकीलबाईंचा, 'र.' नावानं मेसेज, 'वाट पाहते आहे.' बाप्पा! कढई आपटली. "कोण हाय ही र? अन् संडासात मोबाईल घेऊन कायले बसता, आता समजलं."
सगळं सांगितलं. तार, फोटो, बाई. ती पाटावर बसली. म्हणे, "दुसरी बाई असती तं बरं झालं असतं."
कढई उचलत म्हणे: "गजूभाऊले सांगितलं?"
"नाही."
"काहून?"
काय सांगू काहून. तोंड नाही.

बाई तीनदा विचारून चुकल्या. फोटो उघडतो, पाहतो, बंद करतो. दिवसभर हेच.

रविवार, ९
प्रवीण जेवायले. पाटोडीचा रस्सा. कल्पना पोळ्या करत होती तेव्हा हळूच म्हणे, "भाऊजी, तो तारेचा फोटो ठेवला काहून?"
हातातला घास ताटात ठेवला.
"तुमचे सगळे फोटो माह्या मेलमध्ये जमा होतात. तुमाले माहीतच नाही? मी पह्यल्याच दिवशी पाह्यला."
अन् मी संडासात बसून बाहेरून अ‍ॅप टाकून राहिलो! असा येडा झामल्या मी.
"आज रात्री काढतो तिकडून. तुमची अन् माही, दोघाईची नोकरी हाय." वाईट नाही तो. भेला आहे. मी काय कमी भेलो?
तो गेला. कल्पना हात पुसत आली. "ऐकलं मी. माहा भाऊ हाय तो, पण गजूभाऊचे बोटं गेले न. टाका आत्ता."
टाकला. बाईंचं उत्तर: 'मिळाला. फोटोतला हात कोणाचा?'
चार वेळा लिहून खोडलं. मग लिहिलं, 'माहा.'

मंगळवार, ११
प्रवीणनं तिकडून काढला, तसा माह्या गॅलरीतलाही फोटो गेला. प्रवीण गेटवर दिसला, मान खाली घालून निघून गेला.
बाईंजवळ आहे. पण नुसत्या फोटोनं होत नाही म्हणतात. कोणी काढला, कोणाच्या सांगण्यावरून तार बांधली, हे लिहून त्यावर सही पाहिजे. तुमच्यावरही केस येऊ शकते, विचार करा, जबरदस्ती नाही. बाईंनी जबाब टाईप करून त्याच अ‍ॅपवर पाठवला. पह्यल्याच ओळीत माहं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. मग इतकी लपवाछपवी कायसाठी केली? बाईंवर चीड, साहेबावर चीड.

गुरुवार, १३
कागदावरून कळायच्या आत तोंडानं सांगावं म्हणून गजूकडे. वहिनी दुकानात गेल्या तसं बोललो. "तार मी बांधली होती."
"माहीत हाय."
"कसं?"
"मी नाही का ग्रुपात? फोटो पाह्यला, आंगठ्याचा इमोजी देला अन् मशीनवर बसलो. तुही बांधलेली तार म्हणजे पक्की."
चिडून नाही बोलला. चिडला असता तं मी ऐकून घेतलं असतं. मले रडू आलं, त्याच्यासमोर.
"मंग त्या दिवशी विचारलं काहून?"
"तू काय म्हणतो ते पाहत होतो."
जबाबाचं सांगितलं. नोकरी जाईन, केस होईन, सही करू का म्हटलं. वहिनी आल्या, चहा झाला. निघताना म्हणे, "मले नको विचारू गा. तुहं तू पाह्य."

उद्या अकरा वाजता बाई कागद घेऊन थांबणार, सदरले, त्यांच्या ऑफिसात. उद्या माही फर्स्ट शिफ्ट, बस पहाटे साडेपाचले नाक्यावर, सुटता सुटता दुपार. कल्पनानं विचारलं, उद्या डबा करू का. कर म्हटलं, कुठंही गेलो तरी भूक तं लागनच.